साचा बदलण्याचा वेळ

महोदय,

अवाढव्य उत्पादनाकडून लहान, लवचीक उत्पादनाकडे होणाऱ्या स्थित्यंतराची चर्चा बहुधा संगणक आणि यंत्रमानव यांच्याभोवतीच फिरते. एका वस्तूनंतर दुसरी काढण्यासाठी यंत्रावरचा साचा बदलण्याच्या वेळेचा साधा मुद्दा मात्र राहून जातो. फोर्डने १९१३ मध्ये मोटारींसाठी सरकती जुळणी सुरू केली आणि चासीच्या, म्हणजे मोटारीच्या मूळ सांगाड्याच्या, जुळणीचा वेळ साडेबारा तासांवरून पुढे सुमारे दीड तासावर आला, पण ही किमया एकच नमुना लाखोंनी काढण्यावर उभी होती. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसचा जड साचा उतरवून दुसरा बसवण्यात काही तास मोडत असतील, तर तो खर्च भरून काढण्यासाठी हजारो नग काढून गोदामात रचण्यावाचून गत्यंतर नसते. टोयोटात जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ च्या सुमारास हजार टनी प्रेसवरील हेच काम चार तासांवरून तीन मिनिटांवर आणले, तेही बरीचशी तयारी यंत्र चालू असतानाच उरकून; इतक्या कमी वेळात साचा बदलला, की लहान तुकडीही परवडते. एकाच नमुन्याचे लाखो नग लागणाऱ्या खिळे, स्क्रू किंवा बाटल्यांची झाकणे यांना अर्थात हे गणित लागू नाही. इतर लहान कारखानदारांनी मात्र कर्ज काढून महागडे यंत्र घेण्याआधी, साचा बदलताना आपला कामगार नुसता पाना शोधण्यात किती वेळ घालवतो, हे एकदा घड्याळ लावून पाहावे.

– एक वाचक