हृदयाचे तीन भाग वेगळे ठेवायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन निपाणीला गेलात, पण बेळगावात हृदयावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या ऊतींच्या नमुन्यांच्या नळ्यांना आजही तुमचीच टोपणं आहेत. काळं म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला भाग, पिवळं म्हणजे त्याला लागून असलेली एक ते दोन मिलिमीटरची कड, हिरवं म्हणजे रक्तपुरवठा शाबूत असलेली लांबची भिंत. हे आभार उघडपणे लिहितोय, कारण खानापूर, चिकोडीकडून येणाऱ्या नव्या मुलांनाही ही शिस्त कुणाची ते कळायला हवं.

रॅटचं हृदय अख्खं वाटून आरएनए (कोणतं जनुक किती चालू आहे ते सांगणारा रेणू) काढला तरी आकडे येतात, पण फसवे. झटक्याची नक्कल म्हणून हृदयाची धमनी बांधल्यावर स्नायूपेशी मरतात. त्यांच्या जागी आधी दाहाच्या पेशी आणि मग फायब्रोब्लास्ट, म्हणजे व्रण भरणाऱ्या पेशी, येतात. तिथे एमवायएच-6 हे स्नायूच्या आकुंचनाचं जनुक घसरलेलं दिसतं ते जनुक बंद पडलं म्हणून नव्हे, ते चालवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात म्हणून. खरी उलथापालथ पिवळ्या नळीत असते. कडेच्या जिवंत पेशींवर ताण वाढतो, एनपीपीए आणि एनपीपीबी ही गर्भावस्थेतली जनुकं पुन्हा जोरात चालू होतात, एमवायएच-6 ची जागा त्याचं मंद भावंड एमवायएच-7 घेऊ लागतं. सर्का-2 हा पेशीतला कॅल्शियमचा पंप कमी झाला की कॅल्शियम परत साठ्यात ओढायला उशीर होतो आणि स्नायू सैल पडायला वेळ लागतो. हिरव्या भागातला बदल सावकाश, पोकळी फुगत जाईल तसा. सगळं एकत्र वाटलं की यातलं काहीच निवडून काढता येत नाही.

‘अलिंद (हृदयाचे वरचे कप्पे) आधी कापून टाका’ हा तुमचा धोशा तर फारच मोलाचा. अलिंदात एनपीपीए मुळातच प्रचंड असतं. बारीकसा तुकडा चिकटून राहिला तरी निलयाचा, म्हणजे खालच्या कप्प्याचा, आकडा बिघडतो. मग थंड सलाईनमध्ये रक्त धुवायचं, आडव्या चकत्या पाडायच्या. एक चकती 37 अंशांवर 1 टक्का टीटीसी या रंगद्रव्यात ठेवायची: जिवंत भाग लाल होतो, मेलेला फिकट राहतो. आरएनए शेजारच्या न रंगवलेल्या चकतीतून काढायचा. तुकडा 5 मिलिमीटरहून जाड असेल तर आरएनएलेटर हे आरएनए टिकवणारं द्रावण आतपर्यंत मुरत नाही. रात्रभर 4 अंशांवर, मग उणे 80. पुढे 50 ते 100 मिलिग्रॅमला 1 मिलिलीटर ट्रायझॉल, म्हणजे आरएनए काढायचं द्रावण.

बेळगावच्या पावसाळ्यासाठी तुम्ही घालून दिलेला नियमही तितकाच मोलाचा. द्रावणाविना थेट गोठवलेला तुकडा ओल्या हवेत उघड्यावर तोलला की त्याला पाणी सुटतं आणि वितळलेल्या भागात आरएनए तोडणारी विकरं कामाला लागतात. म्हणून नळी आधीच गार हवी, कापणं सुक्या बर्फावर हवं, आणि लाइट गेली तर उणे 80 च्या फ्रीजरचं दार उघडायचंच नाही.

तुलनेसाठी छाती उघडून दोरा फक्त ओवलेले, न बांधलेले प्राणीही तुम्ही दरवेळी मागून घेतलेत. शस्त्रक्रियेनेच होणारा दाह त्यामुळे वेगळा काढता आला. ऑक्सिजन कमी पडला की जीएपीडीएच हे तुलनेसाठी स्थिर मानलं जाणारं जनुक स्वतःच बदलतं, तेव्हा संदर्भाला एकट्या त्याच्यावर विसंबू नका, हे तुम्ही मराठी मुलांना मराठीत आणि कन्नड मुलांना कन्नडमध्ये न कंटाळता सांगितलंत.

एनपीपीबीपासून बनणारं प्रथिन रक्तात मोजून डॉक्टर आज हृदयावरचा ताण ओळखतात. त्या जनुकाचे आमचे आकडे खात्रीचे आहेत, ते तुमच्या हातामुळे.

एक विनंती आहे. न रंगवलेल्या चकतीवर कड कुठे संपते हे तुम्ही नुसत्या नजरेने आणि चिमट्याच्या स्पर्शाने ओळखायचात. ते तेवढं सविस्तर लिहून पाठवाल का? शक्य असेल तर चित्रासकट.

आपले कृतज्ञ,
बेळगावच्या प्रयोगशाळेतील सर्वजण