जुन्या संगणकावर लिनक्स टाकताना गेमचेही नीट सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ‘जुना संगणक भंगारात काढू नका, लिनक्स टाका’, म्हणजे विंडोजऐवजी ही मोफत कार्यप्रणाली वापरा, असा सल्ला जागोजागी मिळतो. सल्ला योग्यच आहे. पण ‘आता गेमही चालतात’ हे त्याला जोडलेले वाक्य अर्धवट आहे आणि घरात गेम खेळणारी मुले असतील तर फसगत तिथेच होते.

व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे साधन आणले, तेव्हापासून विंडोजसाठीचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. गेम ग्राफिक्स कार्डाला डायरेक्टएक्समधून, म्हणजे विंडोजच्या चित्रभाषेतून, जे सांगतो, ते प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग लिनक्सवर चालणाऱ्या वल्कन या चित्रभाषेत बदलून देतो. मात्र डीएक्सव्हीके २.० पासून ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) वल्कन १.३ चा असावाच लागतो. विंडोज ११ नाकारते म्हणून लिनक्सकडे वळणाऱ्या संगणकांत बऱ्याचदा चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर किंवा एनव्हिडियाची जीटीएक्स ६०० मालिकेतली कार्डे असतात. त्या कार्डांना एनव्हिडियाचा ४७० क्रमांकाच्या पुढचा ड्रायव्हर मिळत नाही आणि ४७० वल्कन १.२ वरच थांबला आहे. चौथ्या पिढीच्या इंटेलचा वल्कन ड्रायव्हर तर स्वतःच ‘आधार अपूर्ण आहे’ अशी सूचना टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) देतो. मग स्टीममध्ये ‘प्ले’ दाबले की बटणाचे ‘स्टॉप’ होते, काही सेकंदांत पुन्हा ‘प्ले’ होते आणि पडद्यावर काहीच येत नाही. अशा वेळी टर्मिनलमध्ये वल्कनइन्फो ही आज्ञा चालवून वल्कनची आवृत्ती बघावी. १.३ नसेल तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली प्रोटॉन ७.० निवडावे, कारण त्यात डीएक्सव्हीके २.० च्या आधीचे आहे. डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे बरेच गेम त्यावर निभावतात. डायरेक्टएक्स १२ च्या गेमची अशा यंत्रावर आशा धरू नये.

स्टीमवर दिसणारी ‘डेक व्हेरिफाइड’ ही हिरवी खूण व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रापुरती आहे. तुमच्या दहा वर्षे जुन्या संगणकाची हमी ती देत नाही.

दुसरी चूक डिस्कची. गेम आधीच डाउनलोड केलेले असतात म्हणून विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचे पार्टिशन (डिस्कचा भाग) तसेच ठेवून स्टीमला जोडले जाते. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह उभी करते आणि तिच्याकडे नेणाऱ्या दुव्याच्या (लिंकच्या) नावात विसर्गचिन्हासारखा कोलन असतो. विंडोजच्या नियमांत ते नाव बसत नाही, त्यामुळे गेम सुरू होत नाही किंवा फायलींचा घोळ होतो. एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीचे पार्टिशन करून गेम तिथे हलवावेत, हाच खात्रीचा मार्ग.

इथवरच्या बऱ्याच अडचणी घरच्या घरी सुटतात. ॲंटी-चीटची, म्हणजे ऑनलाइन गेममधली फसवेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची, अडचण मात्र खेळणाऱ्याच्या हातातच नाही. ईझी ॲंटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रणालींना प्रोटॉनवर चालण्याची सोय २०२१ मध्येच झाली, पण ती वापरायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले आणि लिनक्सवरचे खेळाडू बाहेर फेकले गेले. एकट्याने खेळायची कथा तेवढी चालते. एपेक्स लेजंड्सने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर लिनक्सचे दार बंद केले. व्हॅलोरंट या गेमचे व्हॅनगार्ड हे ॲंटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बसते, त्याला लिनक्सवर वाटच नाही. लिनक्सवर फसवेगिरी ओळखणे अवघड जाते हे कंपन्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. पण पैसे भरून घेतलेला गेम मध्येच बंद पडतो, तेव्हा ग्राहकाने काय करावे? रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये लिनक्सची स्वतःची आवृत्ती थांबवली, तेव्हा निदान पैसे परत देण्याची सोय तरी ठेवली होती.

म्हणून दोन मागण्या आहेत. ऑनलाइन गेम प्रोटॉनवर चालू ठेवला आहे की नाही, हे कंपन्यांनी विक्रीच्या पानावर, किमतीशेजारी लिहावे. आणि लिनक्सची शिफारस करणाऱ्या वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान सदरांनी न चालणाऱ्या गेमची नावे त्याच लेखात द्यावीत. तोवर वाचकांनी गेम घेतल्यावर लगेच चालवून पाहावा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत करते.

आपला,
एक वाचक, ठाणे