बिनकेसाच्या कुत्र्याविषयी, सुनंदाला

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. रेवाच्या दम्यामुळे इतकी वर्षं कुत्र्याचं नावही घरात निघत नव्हतं, आणि आता तू विचारतेस, “चायनीज क्रेस्टेड आणला तर? त्याला केसच नसतात.” माझी काजळही बिनकेसाचीच कुत्री, तिच्या भरवशावर मला विचारलंस, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दम्याचं. अ‍ॅलर्जी केसांची नसते गं. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. काजळ चाटते, तिच्या अंगाचा कोंडाही पडतो. अशा कुत्र्यांचा काहींना कमी त्रास होतो, काहींना तेवढाच. म्हणून डॉक्टरांशी बोल आणि ज्या कुत्र्याला आणणार आहेस त्याच्याच सहवासात रेवाला आधी काही वेळ राहू दे. जीव गुंतल्यावर त्याला परत पाठवायची वेळ आली, तर दोघांचेही हाल होतील.

दुसरं, केस नाहीत म्हणजे काम कमी, हे मनातून काढून टाक. इतर कुत्र्यांना ऊन, थंडी, ओरखडे यांपासून त्यांचे केस वाचवतात. काजळच्या बाबतीत ते काम माझ्याकडे आलं आहे. भर उन्हात मी तिला नेत नाही. थोडा वेळ उन्हात जायचंच असेल, तर पाठीला आणि कानांना सनस्क्रीन लावते, पण पशुवैद्यांनी सांगितलेलंच. माणसांच्या कित्येक सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं आणि कुत्र्याने ते चाटलं तर विषबाधा होते. फिकट कातडीचं पिल्लू घेतलंस तर जास्तच जप, ती लवकर भाजते. थंडीत स्वेटर हवाच, आतून मऊ सुती कापड असलेला.

लोक तुला तेल चोळायला सांगतील. ऐकू नकोस. तेलाने रंध्रं बुजतात आणि पाठभर काळे ठिपके उठतात. वयात येताना तर या कुत्र्यांना आपल्या पोरांसारखे मुरुम येतात. मी आठवड्या-पंधरवड्याने कोमट पाण्याने, कुत्र्यांच्या सौम्य शाम्पूने तिला आंघोळ घालते, शाम्पूचा अंशही राहू देत नाही, टॉवेलने टिपून घेते आणि कातडी कोरडी वाटली तरच हलकं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावते. पुटकुळ्या फोडत नाही. लाल होऊन पू धरला तर सरळ दवाखाना.

रोज रात्री मी तिच्या अंगावरून सावकाश हात फिरवते. काखा, मांड्यांच्या आतली बाजू, बोटांमधल्या खाचा. ओरखडा, गाठ, गोचीड, जे असेल ते हाताला लगेच लागतं. तिला हे इतकं आवडतं की वेळ झाली की स्वतःच येऊन आडवी होते. मला तर तिच्याबरोबरच्या दिवसातली हीच वेळ सगळ्यात प्रिय आहे. हात लावणारे पाहुणे विचारतात, “ताप आहे का हिला?” तिचं तापमान इतर कुत्र्यांइतकंच, ३८–३९ अंशांच्या आसपास असतं. मध्ये केस नाहीत म्हणून ऊब थेट हाताला लागते, इतकंच. रस्त्यात कुणी “खरूज झालीय का?” म्हणतं तेव्हा मात्र मला अजून वाईट वाटतं.

आता दात. काजळ मेक्सिकोच्या शोलो जातीची आहे. शोलो, पेरूचा बिनकेसाचा कुत्रा आणि चायनीज क्रेस्टेड, तिघांच्याही केसहीनतेमागे फॉक्सआय३ या जनुकातला एकच बदल आहे, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. तोच बदल दातांवरही परिणाम करतो. काही दात उगवतच नाहीत, काही लवकर पडतात. म्हणून दात घासणं टाळून चालणार नाही. टूथपेस्ट मात्र कुत्र्यांचीच, कारण आपल्या पेस्टमध्ये झायलिटॉल असू शकतं आणि ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं. अमेरिकन हेअरलेस टेरियरचं जनुक निराळं, त्याला दात पूर्ण येतात. दातांचीच काळजी वाटत असेल तर त्याचाही विचार कर.

पिल्लाच्या आईबापांविषयी नक्की विचार. फॉक्सआय३च्या दोन बदललेल्या प्रती मिळालेलं पिल्लू गर्भातच दगावतं. म्हणून बिनकेसाच्या कुत्र्याची जोडी अंगभर केस असलेल्या पावडरपफशी लावणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. पावडरपफ म्हणजे त्याच जातीची, तो बदल नसलेली केसाळ भावंडं, एकाच वेतात दोन्ही जन्मतात.

पिल्लू बघायला जाशील तेव्हा त्याचं तोंड उघडून बघ, आई कुठे आहे ते विचार आणि पाठीचा जवळून फोटो काढून मला पाठव. पैसे देण्याआधी. रेवाला खूप खूप प्रेम.

तुझी,
माधवी