माहितीपट पाहून आम्ही तक्रार केली, तिचे काय झाले?

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

आमच्या भागात नदीप्रदूषणावरील एक माहितीपट दाखवण्यात आला, तेव्हा व्यासपीठावरील अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष सांगितले होते की, तुम्ही लेखी तक्रार करा, आठ दिवसांत पाण्याचा नमुना घेतला जाईल. कृष्णाकाठी राहणाऱ्या आम्ही बायकांनी त्याच आठवड्यात सह्यांचा अर्ज दिला. त्यानंतर उन्हाळा सरला, पावसाळा सरला, नमुना घ्यायला कोणी फिरकले नाही, आणि परवा चौकशीला गेले असता अर्जाची आवकच सापडत नाही असे उत्तर मिळाले.

पर्यावरणाचे माहितीपट पाहून सामान्य माणूस घटकाभर हळहळतो आणि घरी जाऊन झोपतो, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते मला मान्य नाही. हवामानबदलावरील २००६ सालचा एक माहितीपट अमेरिकेत जेथे जेथे लागला, त्या परिसरात पुढील दोन महिन्यांत कार्बन उत्सर्जनाच्या भरपाईसाठी स्वखुशीने पैसे देण्याचे प्रमाण इतर भागांच्या तुलनेत ५० टक्क्यांनी वाढल्याचे एका अभ्यासात दिसले. मात्र त्याच लोकांनी वर्षभराने पुन्हा पैसे दिल्याचे फारसे आढळले नाही. म्हणजे माणूस हलतो, पण ती ऊर्मी थोडे दिवसच टिकते, आणि तेवढ्या दिवसांत त्याच्या हाताला काही लागले नाही तर तो पुन्हा उठत नाही. आमचे नेमके हेच झाले. ज्या शेजारणी त्या संध्याकाळी डोळे पुसत सहीला पुढे आल्या, त्या आता दुसऱ्या अर्जावर सही करायला तयार नाहीत. हा दोष प्रेक्षकांचा नाही, महोदय.

आमची मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, जमीन आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांवर माझ्या सासूबाईंनी संसार केला, आणि मीही तोच करते. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमचे घर, धान्य, गोठा सगळे पाण्याखाली होते; तरीही आम्ही गाळ उपसून पुन्हा उभे राहिलो, कारण पूर ओसरतो. ही घाण मात्र ओसरत नाही. उन्हाळ्यात पात्र आटले की मोटर सुरू करताच पाण्याला उग्र वास येतो, त्या पाण्यात उभे राहून हातापायांची आग होते, आणि पिकवलेली भाजी स्वतःच्या नातवाला खाऊ घालताना मन कचरते. हे दुःख कोणत्या रकान्यात लिहायचे, ते तुमच्या छापील नमुन्यात नाही. शहराचे सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न सुटणार, सुटणार असे ऐकत सांगलीतली एक पिढी म्हातारी झाली.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच चित्रपटगृहांत पर्यावरणाचे संदेश विनामूल्य दाखवण्याचा आदेश दिला होता. संविधानाचा अनुच्छेद ५१क नद्यांचे रक्षण हे नागरिकांचे कर्तव्य मानतो, आणि जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. नागरिकाला जागे करण्याची इतकी सोय असताना जागा झालेला नागरिक दारात आला की त्याचे काय करायचे, हे मात्र या व्यवस्थेने कधीच ठरवलेले नाही. साहेब बदलून जातात, नवे साहेब माहिती घेऊन सांगतो म्हणतात, एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते, आणि प्रत्येक टेबलावर आम्हालाच विचारले जाते की पुरावा काय. पाण्याचा नमुना तपासणारी प्रयोगशाळा शासनाची, घाण सोडणाऱ्याला परवाना देणारे शासन, मग पुरावा आम्ही कोठून आणायचा?

जनजागृतीसाठी यापुढे जेथे माहितीपट दाखवाल, तेथे त्याच जागी तक्रार लिहून घ्या, आवक क्रमांकासह पोच द्या आणि उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व मुदत लोकांसमोर जाहीर करा. पाणीतपासणीचे निकाल दरमहा मराठीत घाटावर लावा. आणि आमच्या अर्जाचा शोध घेऊन पात्र आटण्यापूर्वी नमुना घ्यायला माणूस पाठवा. तो कोणत्या दिवशी येणार हे आम्हाला लेखी कळवा.

आपली,
कृष्णाकाठची एक शेतकरी, सांगली