मेच्या सुट्टीत जपानचा समुद्र: मुलांना पोहायला नव्हे, शिंपल्या वेचायला न्या

संपादक महोदय,

उन्हाळी सुट्टीतल्या जपान सहलींच्या जाहिरातींत आणि लेखांत फुजी, बुलेट ट्रेन आणि डिस्नेलँडच्या जोडीला आता ‘मुलांसाठी एक दिवस समुद्रावर’ असेही वाचायला मिळते. कल्पना उत्तम आहे. तोक्योहून तासाभराच्या आत-बाहेर लहान मुलांना झेपतील असे उथळ, स्वच्छ किनारे आहेत. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथे कोणी लिहीत नाही: जपानच्या मुख्य बेटावर बहुतेक ठिकाणी समुद्रस्नानाला ठरलेला हंगाम असतो, आणि आपली मेची सुट्टी त्यात बसत नाही.

तोक्यो-योकोहामाच्या आसपासचे बहुतेक किनारे जुलैच्या सुरुवातीला, काही जूनअखेरीला, स्नानासाठी उघडतात आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत बंद होतात. बंद म्हणजे पुळणीवर जायला मनाई नव्हे. पण पिवळ्या-लाल गणवेशातले जीवरक्षक नसतात, पोहण्याची हद्द दाखवणारे तरंगते दोर नसतात आणि कपडे बदलण्याच्या, अंघोळीच्या हंगामी झोपड्या उभ्या राहिलेल्या नसतात. पाणीही गार असते. मेमध्ये इथल्या सागामी उपसागराचे तापमान साधारण १८ ते २० अंश असते. कोकणात त्याच महिन्यात ते ३० च्या जवळ असते. आपली मुले त्या सवयीने धावत पाण्यात शिरतात आणि पाच मिनिटांत कुडकुडू लागतात. सहल कंपन्यांनी कार्यक्रमात किनाऱ्याचे नाव छापताना ‘त्या तारखेला जीवरक्षक आहेत की नाहीत’ एवढे एक वाक्य छापावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग मेमध्ये मुलांना समुद्र दाखवूच नये का? जरूर दाखवावा, पण शिंपल्या वेचण्यासाठी. मार्चअखेरीपासून जूनपर्यंत जपानी कुटुंबे ओहोटीच्या वेळी चिखलट वाळूत उतरून आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या ‘आसारी’ शिंपल्या काढतात. दोन वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सगळ्यांना जमेल असा हा खेळ आहे आणि त्यासाठी घोट्याच्या वर पाण्यात जावे लागत नाही. योकोहामातले ‘उमि नो कोएन’ हे उद्यान त्यासाठी फार चांगले. किनारा मानवनिर्मित आणि उथळ आहे, सुमारे एक किलोमीटर लांब आहे, लाटा जवळजवळ नसतात आणि शिंपल्या काढायला पैसे पडत नाहीत. केईक्यू रेल्वेने कानाझावा-हाक्केई स्थानकाला उतरून सीसाइड लाइनची छोटी गाडी घ्यावी. उद्यानाच्या नावाची दोन स्थानके आहेत, दोन्हींवरून किनारा पायी गाठता येतो.

वेळ मात्र तिथीप्रमाणे ठरवावी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे दिवस असतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्यातही वसंतात जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यावर खोल ओहोटी दिवसा लागते, हिवाळ्यात ती रात्री लागते. म्हणून हा हंगाम वसंतातला. तोक्योच्या उपसागरात उधाणाच्या दिवसांत पाणी सगळ्यात खाली जाते ते साधारण साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान. त्याच्या दोन तास आधी पोहोचावे आणि पाणी चढू लागले की निघावे. अष्टमीच्या सुमारास गेलात तर वाळू पुरेशी उघडी पडत नाही, मुले कंटाळतात आणि दिवस फुकट जातो. पहिली चूक बहुतेकांची इथेच होते, कारण तारीख हॉटेलच्या बुकिंगवरून ठरलेली असते. २९ एप्रिल ते ५ मे ही जपानमधली मोठी सुट्टी आहे. त्या आठवड्यात गर्दी इतकी असते की बाबागाडी नेऊच नये.

शिंपल्या ५ ते १० सेंटिमीटर खोल असतात. खोल खड्डा खणण्यापेक्षा पंजासारख्या छोट्या दाताळ्याने वरची वाळू ओढत जावे. एक सापडली की तिच्या आजूबाजूला आणखी असतात, कारण त्या गटाने राहतात. दाताळे आणि जाळीची पिशवी ‘१०० येन’च्या दुकानात मिळते. उमि नो कोएनचे नियम साधे आहेत: २ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान शिंपली परत वाळूत ठेवायची, १५ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद अवजार वापरायचे नाही आणि माणशी २ किलोंपेक्षा जास्त न्यायचे नाही. मुलांना हे नियम आधी समजावून सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात. इथे सवलत आहे म्हणून दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावर खणायला बसू नये. अनेक ठिकाणी शिंपल्यांवर स्थानिक मच्छीमार संघांचा कायदेशीर हक्क असतो, आणि तो मोडल्यास १० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

घरी किंवा स्वयंपाकघर असलेल्या खोलीवर नेणार असाल तर एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम मीठ घालून, शिंपल्या जेमतेम बुडतील इतक्याच पाण्यात, ताटात पसरून, वर कागद झाकून दोन-तीन तास ठेवाव्यात. पाणी जास्त घातले किंवा एकावर एक रचल्या तर खालच्या गुदमरतात आणि वाळू तशीच राहते. शिजवल्यावर न उघडलेली शिंपली टाकून द्यावी. वसंतात कधी कधी शिंपल्यांत विष साठल्याचा इशारा निघतो, म्हणून निघण्याआधी उद्यानाची सूचना पाहावी. इशारा असेल तर वेचायच्या आणि तिथेच सोडायच्या. मुलांचा आनंद त्याने कमी होत नाही.

तोक्योत नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना आणखी जवळचा किनारा म्हणजे एदोगावा वॉर्डातल्या कासाईचा. निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, शिवाय पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले होते, त्यामुळे हे नाव मराठी वाचकांना अनोळखी नसावे. केईयो लाइनच्या कासाई-रिंकाई-कोएन स्थानकासमोरच उद्यान आहे. पुलापलीकडच्या पश्चिम पुळणीवर मुलांना खेकडे, पक्षी आणि ओहोटीचा चिखल पाहायला मिळतो. पूर्वेकडची पुळण पक्ष्यांसाठी राखून ठेवली आहे, तिथे जाता येत नाही. २०१८ मध्ये या जागेला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. इथे अनवाणी फिरू देऊ नये, वाळूत कालवांची धारदार कवचे असतात आणि तळवा कापतो. जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस मुलांना या पाण्यात उतरवू नये, नदीचे मुख जवळ आहे.

खरे पोहणे हवे असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये यावे. त्यातही उत्तम काळ म्हणजे पावसाळा संपल्यापासून, म्हणजे साधारण २० जुलैपासून, १० ऑगस्टपर्यंतचा. ऑगस्टच्या मध्यावर ओबोनचा सण येतो. त्यानंतर जेलीफिश वाढतात आणि दूरच्या वादळांच्या लांब, जोरदार लाटा निरभ्र दिवशीही किनाऱ्यावर येऊ लागतात.

लहान मुलांसाठी मी झुशीचा किनारा सुचवेन. तोक्योहून योकोसुका लाइनने सुमारे तासाचा प्रवास आणि मग पंधरा मिनिटे पायी. किनारा खाडीच्या आत असल्यामुळे लाटा लहान असतात आणि उतार हळूहळू वाढतो. २०१४ पासून तिथे पुळणीवर मद्यपान, मोठ्याने संगीत आणि बार्बेक्यू यांना नियमाने बंदी आहे, त्यामुळे वातावरण घरगुती राहते. निळा झेंडा म्हणजे पोहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. हंगामी झोपडीत माणशी एक-दोन हजार येन भरले की कपडे बदलायला जागा, कुलुपाचा कप्पा आणि गोड्या पाण्याची अंघोळ मिळते. मुले बरोबर असताना हे पैसे वाचवू नयेत. ओल्या, वाळूने भरलेल्या कपड्यांनी रेल्वेत बसणे तिथे चालत नाही.

पालकांची सगळ्यात मोठी फसगत होते ती वाऱ्याने. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहत असेल तर किनाऱ्याजवळचे पाणी ताटासारखे सपाट दिसते. तेच धोक्याचे. हवेच्या ट्यूबवर बसलेले मूल त्या वाऱ्याने सरळ आत ढकलले जाते, आणि ट्यूब जितकी मोठी तितकी ती वारा जास्त धरते. मोठे माणूस पोहत मागे जाईपर्यंत अंतर वाढलेले असते. म्हणून आधी झेंड्याचे टोक पाहावे. ते समुद्राकडे फडफडत असेल तर ट्यूब पिशवीतच ठेवावी. तिच्याऐवजी मापाचे लाइफ जॅकेट घ्यावे, आणि त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि मुलाचे तोंड खाली जाते. खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहावे, कानापर्यंत आले तर ते मोठे आहे. आणि एका मुलामागे एक मोठे माणूस, हात पोहोचेल इतक्या अंतरावर. दोघांनी मिळून तिघांवर लक्ष ठेवायचे ठरले की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहतो आहे.

निळसर फुग्यासारखी जेलीफिश पुळणीवर मेलेली पडली असली तरी तिचे धागे दंश करतात. दंश झाल्यास चिमट्याने धागे काढून समुद्राच्याच पाण्याने धुवावे. गोडे पाणी ओतू नये, वाळूने चोळू नये, आणि या जातीवर व्हिनेगर लावू नये. जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांवरच्या विषारी हाबू जेलीफिशवर मात्र व्हिनेगरच लावतात. तिथे पोहण्याचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असल्याने मेमध्ये पोहायचेच ठरले असेल तर ओकिनावाचा पर्याय आहे, पण साधारण १० मेपासून तिथला पावसाळा सुरू होतो.

उन्हाचेही सांगायला हवे. ऑगस्टमध्ये ३५ अंश आणि दमट हवा असते, वाळूने तळवे भाजतात. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट सदरा), पाण्यातले बूट आणि मानेवर पडदा असलेली टोपी घ्यावी. सूर्य पाचच्या आत उगवतो, तेव्हा पोहणे सकाळीच उरकून अकराच्या आत सावलीत यावे. लहानग्यांना पोहण्याचे वेगळे डायपर घालावे, नेहमीचे पाणी पिऊन जड होते आणि फुटते. खाणे छत्रीखाली किंवा झोपडीत द्यावे, कारण झुशी आणि शेजारच्या कामाकुराच्या घारी पाठीमागून येऊन हातातला घास नेतात आणि त्यांच्या नख्या मुलांना लागतात. शाकाहारींनी डबा न्यावा, दुकानातल्या बहुतेक भातगोळ्यांत माशाचा अर्क असतो. कचरा परत न्यायचा असतो, तेव्हा दोन रिकाम्या पिशव्याही घ्याव्यात.

शेवटची गोष्ट त्सुनामीची. चटई अंथरण्याआधी उंच जागेकडे जाणाऱ्या वाटेची पाटी शोधून ठेवावी. लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा हलताना दिसला तर सामान सोडून मुलांना उचलून निघायचे. तो २०२० पासून वापरात आहे, कारण पाण्यात असलेल्यांना भोंगा ऐकू येतोच असे नाही. जमीन हलली नाही म्हणून धोका नाही असेही समजू नये. ३० जुलै २०२५ रोजी दूर रशियातल्या कामचाटकात भूकंप झाला आणि ऐन हंगामात पॅसिफिककडचे स्नानाचे किनारे रिकामे करावे लागले. समुद्रातल्या अपघातासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक ११८, रुग्णवाहिकेसाठी ११९.

– एक मराठी पालक, योकोहामा