फवारणी करणाऱ्या मजुरांच्या संरक्षणासाठी ग्रामपंचायतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थांना, तसेच नोकरी-व्यवसायानिमित्त पुणे, मुंबई, नागपूर आणि परदेशी राहणाऱ्या आपल्या गावच्या मंडळींना सप्रेम नमस्कार.

कपाशी अजून गुडघ्यालाही आलेली नाही, तोच हे पत्र लिहीत आहोत, कारण फवारणीचा खरा जोर सुरू झाल्यावर जमवाजमव करण्यात अर्थ उरत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना रुग्णालयात भरती व्हावे लागले. त्यानंतर शासनाने विशेष तपास पथक नेमले, पाच कीटकनाशकांवर पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत काही काळ बंदी आली आणि ठिकठिकाणी संरक्षक संचही वाटले गेले. आपल्या गावात आलेल्या त्या संचांपैकी बरेचसे आजही गोठ्यातल्या खुंटीला लटकत आहेत. याचा दोष मजुरांना देणे सोपे आहे, पण भादव्याच्या दमट उकाड्यात प्लास्टिकचा कोट अंगात घालून, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन पुरुषभर उंचीच्या पऱ्हाटीतून चालणे किती वेळ शक्य आहे, याचा विचार संच पाठवणाऱ्यांनी केला नव्हता. शिवाय मजुरी बहुधा पंपामागे ठरते. विसावा घेतला, हातपाय धुवायला बांधावर आले, की तेवढे पैसे बुडाले.

म्हणून ग्रामपंचायत आणि महिला बचत गटांच्या संयुक्त समितीने यंदा निराळा विचार केला आहे. फवारणाऱ्याच्या शरीरात विष नाकातोंडापेक्षा कातडीवाटे अधिक जाते. पंपाचे झाकण किंवा वायसर ढिला असला, की द्रावण पाठीवरून कमरेपर्यंत ओघळते आणि तोच ओला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकले जाते. औषध पाण्यात कालवायला काठी हाताशी नसली, तर हातच घातला जातो, आणि हे कालवण्याचे व पाणी पुरवण्याचे काम पुष्कळदा बायकांकडे असते, ज्यांना कोणताच संच मिळालेला नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा एकदा भिजला, की संरक्षण करण्याऐवजी तो विष तोंडाशीच धरून ठेवतो.

आपल्या देणगीतून सर्वांत आधी गावातील पाठीवरचे पंप तपासून त्यांचे वायसर, झाकणे, नळ्या व नोझल बदलण्यात येतील. प्रत्येक फवारणाऱ्याला आणि औषध कालवणाऱ्या प्रत्येक बाईला लांब बाह्यांचे दोन सुती सदरे, पाठ व मांड्या झाकणारा हलका जलरोधक एप्रन, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट आणि चष्मा दिला जाईल. शिवारात ठरावीक ठिकाणी पाण्याची टाकी आणि साबण ठेवला जाईल. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, म्हणून ते धुण्यासाठी वेगळ्या बादल्याही घेतल्या जातील. मुखपट्ट्या घेणार आहोतच, पण खर्चाचा मोठा भाग त्यांवर होणार नाही, हे देणगीदारांनी आधीच जाणून असावे.

दुसरा खर्च वाहनाचा आहे. डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाहुल्या बारीक होणे, तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलट्या, अंगाचे स्नायू फडफडणे ही ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातील विषबाधेची लक्षणे आहेत. त्यावर ॲट्रोपिनसारखे औषध आहे, पण ते दवाखान्यात आणि वेळेत मिळायला हवे. ‘ऊन लागले असेल’ म्हणून रात्र घरी काढण्यात जी वेळ जाते, ती घातक ठरते. त्यासाठी हंगामभर एक जीप गावात उभी राहील आणि तिचे भाडे समिती देईल. रुग्णासोबत फवारलेल्या औषधाची बाटली किंवा निदान तिचे लेबल न्यावे, अशी सक्त विनंती आहे. दोन-तीन औषधे एकत्र कालवली असतील तर सगळ्यांच्या बाटल्या किंवा लेबले न्यावीत, कारण काय फवारले होते हे कळल्याशिवाय डॉक्टरांना अंदाजानेच चालावे लागते.

फवारणीच कमी झाली तर याहून चांगले काहीच नाही. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावावेत आणि सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडल्याखेरीज रासायनिक औषधाला हात लावू नये, ही शिफारस आपल्या कृषी सहायकांनी वारंवार सांगितली आहे. ज्या कास्तकारांना सापळे परवडत नाहीत, त्यांना ते या निधीतून मिळतील. मात्र बांधावर मजूर पाठवणाऱ्या मोठ्या कास्तकारांनी आपल्या मजुरांचा खर्च स्वतःच उचलावा. मजुरांना संरक्षक कपडे देण्याची तरतूद कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये आहे आणि तिथे मेहेरबानीचा प्रश्न येत नाही.

भूमिहीन मजुरांचा विचार आम्ही आधी करत आहोत, त्यालाही कारण आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शासकीय अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेसाठी मदत मिळते, पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला. ज्याच्या घरात सातबाराच नाही, त्याच्या वारसांना तिचा उपयोग नाही. यासाठी निधीचा काही भाग राखीव ठेवून, विषबाधा झालेल्या मजुराला काम बंद असेतो घरखर्चाला हातभार देण्याचा ठराव ग्रामसभेत झाला आहे.

देणगीच्या रकमेला खालची मर्यादा नाही. रोख रक्कम ग्रामपंचायत कार्यालयात स्वीकारली जाईल, बाहेरगावच्या मंडळींनी समितीच्या खात्यावर भरावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि संपूर्ण हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. पैसे देणे शक्य नसेल त्यांनी लांब बाह्यांचे जाड सुती सदरे धुऊन पाठवावेत. फाटके किंवा अर्ध्या बाह्यांचे कृपया नकोत. गावच्या ज्या मुली परिचारिका किंवा डॉक्टर झाल्या आहेत, त्यांनी पोळ्याच्या सुट्टीत दोन तास काढून आशा सेविकांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, ही विशेष विनंती. साहित्याची खरेदी आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात होणार असल्याने मदत त्याआधी पोचावी.

आपले,
सरपंच, ग्रामसेवक आणि समितीचे सर्व सदस्य