लेयर कट: फोटोआधी केस बघा

महोदय,

लालबागला माझं छोटं पार्लर आहे. खांद्यापर्यंतचा लेयर कट (कमी-जास्त लांबीच्या थरांत कापलेले केस) हवा म्हणून मुली मोबाइलमधला फोटो पुढे धरतात. फोटोतले केस ड्रायरने बसवलेले असतात. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, ते तसे राहत नाहीत. केस पातळ असतील तर लेयर्स मोजकेच आणि लांब ठेवायला सांगा, नाहीतर टोकं विरळ दिसतात. कुरळे केस ओले असताना लांब भासतात, वाळले की वर चढतात. तिथे कात्री हात राखूनच चालवावी लागते.

लोकलने जाणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे: कापण्याआधी केस मुठीत मागे धरून सगळ्यात आखूड लेयर क्लचरमध्ये येईल का, ते आरशात बघाच. करी रोडला गाडीत चढताना एका हातात पर्स, दुसऱ्या हातात कडी. घामाने गालाला चिकटलेल्या बटा सावरणार कशा?

केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटिमीटर वाढतात. म्हणून 2 ते 3 महिन्यांनी टोकं कापून आकार नीट करून घ्या. तेवढ्यासाठी दर वेळी नवे लेयर्स पाडायची गरज नसते, कोणी आग्रह केला तरी.

– एक पार्लरचालक, लालबाग